बॉरो की लेंड, थेफ्ट की डकॉयटी : इंग्रजी शब्दांच्या जोड्यांबद्दल सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेतल्या आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला कॉलेजची पोरं कमी आणि कामाला लागलेली माणसं जास्त. तासगावकडचे बेदाण्याचे व्यापारी, मिरजेत नर्सिंग करणाऱ्या मुली, कुपवाड एमआयडीसीतले सुपरवायझर, बँकेच्या परीक्षेला बसलेले. व्याकरणाचं कुणी फारसं विचारत नाही. विचारतात ते हेच : ‘सर, हे दोन शब्द सारखेच ना?’ नेहमी येणाऱ्या जोड्या इथे लिहून ठेवल्या आहेत. जिथे स्पेलिंगवर सगळं अडतं तिथे अक्षरं फोडून दिली आहेत.

कोशात दोन्ही शब्दांपुढे एकच मराठी अर्थ असतो. मग फरक कळायचा कसा?

अर्थ वाचून थांबू नका, वाक्यात त्या शब्दाच्या शेजारी कोण बसलंय ते बघा. देणारा कोण, घेणारा कोण, वस्तू मोजता येते का, काम मुद्दाम केलं की आपोआप झालं, एवढं विचारलं की निम्म्या जोड्या सुटतात.

बॉरो आणि लेंड घ्या. मराठीत ‘उसनं’ हा एकच शब्द आणि दिशा दाखवायचं काम देणे-घेणे करतं. इंग्रजीत दिशा शब्दाच्या पोटातच आहे. बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं. म्हणून ‘बॉरो मी युवर पेन’ होत नाही. ‘लेंड मी युवर पेन’ म्हणा, नाहीतर ‘कॅन आय बॉरो युवर पेन’. बॉरोच्या मागून फ्रॉम येतो, लेंडच्या मागून टू. कर्जाच्या कागदावर लेंडर लिहिलं असेल ती बँक किंवा सोसायटी, बॉरोअर म्हणजे आपण. आणि गॅरंटर म्हणजे जामीनदार. पाहुण्यांच्या आग्रहाखातर सही करताना हा तिसरा शब्द तरी नीट वाचावा.

‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ यात काय चुकलं? सगळेच तर असं बोलतात.

सगळे बोलतात, कारण सगळे मनात मराठी बोलत असतात. आपला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो : ‘२०१९ पासून इथे राहतो’ आणि ‘पाच वर्षांपासून इथे राहतो’. इंग्रजीत ही दोन कामं वेगळ्या शब्दांची. सिन्सला सुरुवातीचा क्षण लागतो : सिन्स २०१९, सिन्स मंडे, सिन्स द फ्लड. फॉरला कालावधी लागतो : फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू डेज.

ओळखायची सोपी खूण अशी. मराठी वाक्यातला ‘पासून’ काढून ‘गेली’ घालून बघा. ‘गेली पाच वर्षं इथे राहतो’ हे जमतं, म्हणून फॉर. ‘गेली २०१९ इथे राहतो’ हे जमत नाही, म्हणून सिन्स.

क्रियापदही बदलावं लागतं. ‘राहतो’ हा आपला साधा वर्तमानकाळ असला तरी इंग्रजीत ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ हवं. मुलाखतीत ‘किती वर्षं काम करताय’ हा प्रश्न हमखास येतो आणि नेमकं तिथेच हे वाक्य लागतं. म्हणून वर्गात आम्ही ते सगळ्यात जास्त घोकून घेतो.

निघताना ‘येतो’ म्हणतो, तसं ‘आय ॲम कमिंग’ म्हटलं तर?

समोरचा इंग्रज दार उघडं ठेवून वाट बघत बसेल. ‘जातो’ म्हणणं आपल्याकडे अशुभ मानतात म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो. इंग्रजीला ही भीती नाही. निघताना ‘आय ॲम लीव्हिंग’ किंवा ‘आय हॅव टू गो’.

पण एक गंमत लक्षात ठेवा. इंग्रजीत कम हा बोलणाऱ्याच्या दिशेने जातो तसा ऐकणाऱ्याच्या दिशेनेही जातो. फोनवर कुणी बोलावलं तर ‘आय ॲम कमिंग’ हेच बरोबर, आणि तिथे मराठीशी ते तंतोतंत जुळतं : ‘आलो, आलो’. ब्रिंग आणि टेक यांचंही असंच. इकडे आणायचं ते ब्रिंग, तिकडे न्यायचं ते टेक.

सी, लुक आणि वॉच यांत फरक काय?

सी म्हणजे दिसणं, लुक म्हणजे बघणं, वॉच म्हणजे हलत्या गोष्टीकडे काही वेळ लक्ष ठेवून बघत राहणं. मॅच वॉच करतात, फोटोकडे लुक ॲट करतात. हिअर आणि लिसन ही जोडीही तशीच : ऐकू येणं आणि ऐकणं. मराठीने हा भेद आधीच केलेला आहे, त्यामुळे इथे घाबरायचं काही कारण नाही. फक्त लिसनच्या मागे टू विसरू नका.

‘ही टोल्ड दॅट...’ लिहिलं की लाल रेघ का मिळते?

टेलला ‘कुणाला’ हे लागतंच. ‘ही टोल्ड मी दॅट’ चालतं. मराठीत ‘त्याने सांगितलं की’ म्हणून मोकळं होता येतं, ऐकणारा गाळला तरी चालतो. इंग्रजीत ऐकणारा गाळायचा असेल तर सेड वापरा : ‘ही सेड दॅट’.

थेफ्ट, बर्ग्लरी, रॉबरी, डकॉयटी : पेपरात कधी एक, कधी दुसरा. सगळी चोरीच ना?

इथे मराठी बातमीदार इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. आपल्या पेपरात चोरी, घरफोडी, जबरी चोरी आणि दरोडा हे चार शब्द कायम वेगळे छापले जातात, आणि ते पोलिसांच्या कागदातून आलेले आहेत.

थेफ्ट म्हणजे चोरी. मालकाच्या संमतीवाचून वस्तू लबाडीने उचलली, कुणाला धमकावलं नाही, मारलं नाही. एसटी स्टँडवर पाकीट गेलं ते थेफ्ट. रॉबरी म्हणजे जबरी चोरी. तीत माणूस समोर असतो आणि त्याला मारहाण, अडवणूक किंवा तशी तत्काळ भीती असते. चोर चाकू दाखवतो तेव्हा थेफ्टची रॉबरी होते.

डकॉयटी म्हणजे दरोडा. हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच उचलला, हिंदी ‘डकैती’वरून. भारतीय कायद्यात त्याचा आकडा ठरलेला आहे : पाच किंवा अधिक जणांनी मिळून रॉबरी केली तर ती डकॉयटी. जुन्या दंड संहितेत हे कलम ३९१ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३१० आहे. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी पकडली’ ही बातमी पुढच्या वेळी वाचाल तेव्हा नावं मोजा, आणि नावं पाचापेक्षा कमी असली तर ‘साथीदार पसार’ हे वाक्य खाली कुठेतरी सापडतं का ते बघा.

बर्ग्लरी हा इंग्लंडच्या कायद्यातला शब्द. इमारतीत परवानगीशिवाय चोरीच्या इराद्याने शिरणं असा त्याचा ढोबळ अर्थ. आपल्या कायद्याची भाषा तिथे हाउस-ब्रेकिंग म्हणते, म्हणजे आपली घरफोडी. गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावून पळाला तर? त्यासाठी न्याय संहितेत स्नॅचिंग नावाचा वेगळा गुन्हा कलम ३०४ मध्ये आला आहे.

आता क्रियापदं. स्टील वस्तूला लागतं, रॉब माणसाला किंवा जागेला. ‘दे रॉब्ड द बँक’ म्हणजे बँक लुटली. ‘दे स्टोल द बँक’ म्हणजे इमारत उचलून नेली. मराठीत चोरणे आणि लुटणे हेच करतात, आपण फक्त तिकडे लक्ष देत नाही.

बेदाण्याला इंग्रजीत रेझिन म्हणायचं की सुलताना? मग करंट काय?

गिऱ्हाईक कुठलं आहे त्यावर ठरतं. अमेरिकेत वाळवलेलं कुठलंही द्राक्ष रेझिनच. पिवळट असेल तर गोल्डन रेझिन. ब्रिटनमध्ये मात्र तीन कप्पे आहेत. फिकट, बिनबियांचा तो सुलताना. गडद रंगाचा तो रेझिन. आणि अगदी बारका, काळा तो करंट. हा करंट ग्रीसमधल्या कॉरिंथ गावाच्या नावावरून आला. विजेच्या करंटशी त्याचा संबंध नाही, उच्चार तेवढा एक. आपल्याकडे लावलेल्या थॉम्पसन सीडलेस द्राक्षाचंच दुसरं नाव सुलताना आहे. तेव्हा लंडनच्या दुकानात तासगावचा पिवळा बेदाणा सुलताना म्हणून शोभतो, न्यूयॉर्कमध्ये तोच रेझिन.

आपण कप्पे वेगळे पाडतो : बी नसलेला बेदाणा आणि बियांच्या मनुका. ‘बे-दाणा’, म्हणजे दाणा नसलेला, असं फारसीतच सांगून ठेवलंय. त्यामुळे मनुका आणि बेदाणा दोन्हीसाठी रेझिन लिहून पाठवलं की पलीकडचा गोंधळतो. सीडलेस की सीडेड हे लिहायलाच हवं. इथे एक खाचखळगा आहे. फळांच्या धंद्यात सीडेड रेझिनचा अर्थ कधी कधी ‘बिया काढलेला’ असाही होतो. शंका असेल तर ‘विथ सीड्स’ असं सरळ लिहा.

आता पाकिटावर नेहमी दिसणारी चूक : ‘शॅडो ड्राइड’. आपल्या बेदाण्याचं वैशिष्ट्य असं की द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून काढतात आणि शेडमध्ये, जाळीच्या रॅकवर पसरतात. ऊन थेट लागत नाही, वारा आरपार जातो, म्हणून रंग हिरवट-पिवळा राहतो. हे सावलीत वाळवणं म्हणजे शेड ड्राइड, एस-एच-ए-डी-ई. शॅडो म्हणजे तुमची किंवा झाडाची पडलेली आकृती, जी पायाखाली लांब-आखूड होते. मराठीत दोन्ही सावलीच, म्हणून घोटाळा. आणि ज्या पत्र्याखाली हे सगळं चालतं ती शेड वेगळी, एस-एच-ई-डी. देवनागरीत दोन्ही शेड एकसारख्या दिसतात, पाकीट छापताना मात्र एक अक्षर कमी पडलं तर अर्थ फिरतो.

हळदीच्या गड्ड्याला बल्ब म्हणणं चूक आहे का?

बाजारात चूक नाही, वनस्पतिशास्त्रात चूक आहे. हळदीच्या व्यापारात गड्डा म्हणजे बल्ब आणि हळकुंड म्हणजे फिंगर असंच चालतं. सांगलीच्या मार्केट यार्डातून बाहेरदेशी माल जातो त्याच्या कागदावरही हेच शब्द असतात. पण परीक्षेत विचारलं तर हळद आणि आलं हे रायझोम, कांदा आणि लसूण हे बल्ब, बटाटा हा ट्यूबर, सुरण हा कॉर्म. आपण चारींना कंद म्हणतो.

लसणावरून आठवलं. लसणाच्या पाकळीला इंग्रजीत क्लोव्ह म्हणतात आणि लवंगेलाही क्लोव्हच. पहिला शब्द ‘फाटणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाशी नातं सांगतो, दुसरा खिळ्याच्या फ्रेंच शब्दावरून आला, कारण लवंग खिळ्यासारखी दिसते. पाककृती वाचताना ‘सिक्स क्लोव्ह्ज’च्या पुढे गार्लिक आहे का ते बघून घ्या. सहा लवंगांची चटणी कुणी खाऊ शकणार नाही.

पुराच्या बातम्यांत क्युसेक, टीएमसी, लेव्हल, डिस्चार्ज... कोणता शब्द कशासाठी?

दर पावसाळ्यात हा प्रश्न येतो, आणि सांगलीत तो नुसता भाषेचा राहत नाही.

लेव्हल म्हणजे पातळी, ती फुटांत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी म्हणजे वॉर्निंग लेव्हल, ४५ फूट ही धोका पातळी म्हणजे डेंजर लेव्हल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. स्टोरेज म्हणजे साठा, तो टीएमसीत. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आणि कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. डिस्चार्ज म्हणजे विसर्ग, तो क्युसेकमध्ये. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर.

म्हणजे टीएमसी हे माप आहे आणि क्युसेक हा वेग. ‘एक लाख क्युसेक पाणी सोडलं’ या वाक्याला अर्थ नाही, किती वेळ सोडलं ते सांगितल्याशिवाय. ‘एक लाख क्युसेकने सोडलं’ म्हटलं की ठीक. आणि ‘क्युसेक प्रति सेकंद’ लिहिणाऱ्याने सेकंद दोनदा मोजला. हिशेब करून बघायचा असेल तर एक लाख क्युसेक चोवीस तास चालू राहिला की ८.६४ टीएमसी पाणी खाली येतं.

रिलीज आणि डिस्चार्ज यांतही बारीक फरक आहे. रिलीज कुणीतरी करतं, दरवाजे उचलून. डिस्चार्ज म्हणजे एखाद्या ठिकाणावरून किती पाणी वाहतंय ते, मग ते धरणाचं असो, ओढ्यानाल्यांचं असो की पावसाचं. कोयनेतून रिलीज बंद झाला तरी आयर्विन पुलाखालचा डिस्चार्ज लगेच उतरत नाही, हे नदीकाठच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

‘फ्रॅक्चर नाही, नुसता क्रॅक आहे’ हे बरोबर का?

दिलासा म्हणून बरोबर, शब्द म्हणून नाही. हाडाला गेलेला तडा हाही फ्रॅक्चरच, त्याला हेअरलाइन फ्रॅक्चर म्हणतात. इन्शुरन्सच्या फॉर्मवर क्रॅक लिहू नका.

नर्सिंगच्या मुलींसाठी आणखी दोन. पेशंट सांगतो तो सिम्प्टम : दुखतंय, मळमळतंय, चक्कर येते. आपण तपासून किंवा मोजून बघतो ती साइन : ताप १०२, पायावर सूज, नाडी जलद. आणि ट्रीट म्हणजे उपचार करणं, क्युअर म्हणजे रोग घालवणं, हील म्हणजे जखम भरून येणं. डॉक्टर ट्रीट सगळ्यांना करतात. क्युअर झाला की नाही ते नंतर कळतं, म्हणून परदेशी मुलाखतीत ‘वी क्युअर्ड ऑल पेशंट्स’ असं अभिमानाने सांगू नये.

अफेक्ट आणि इफेक्ट?

अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम. ‘द रेन अफेक्टेड द ग्रेप्स’, ‘द इफेक्ट ऑफ रेन’. अपवाद आहेत, पण बँकेच्या परीक्षेपुरतं एवढं पुरतं.

प्रिन्सिपल दोन कशाला?

पी-ए-एलने संपणारा म्हणजे मुख्य : शाळेचे मुख्याध्यापक, आणि कर्जाचं मुद्दल. पी-एल-ईने संपणारा म्हणजे तत्त्व. बँकेच्या स्टेटमेंटवर तत्त्वाचा काही संबंध नसतो, तिथे कायम पी-ए-एल. स्टेशनरीचं तसंच : वह्या-पेनांच्या दुकानात ई-आर-वाय, जागेवर उभ्या असलेल्या गाडीसाठी ए-आर-वाय. दुकानांच्या पाट्या बघत एकदा रस्त्याने चालत जा, भरपूर सराव होईल.

हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल?

इतिहासाशी संबंधित ते सगळं हिस्टॉरिकल. इतिहासाला वळण देणारं ते हिस्टॉरिक. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत केलेला नाट्यप्रयोग हिस्टॉरिक, आणि शिवकाळावर आज कुणी नाटक लिहिलं तर ते हिस्टॉरिकल. एखाद्या सभेला ‘हिस्टॉरिक’ म्हणावं की नाही हे ज्याच्या-त्याच्या पक्षावर सोडतो.

लेस आणि फ्यूअर, शॅल आणि विल : यात मार्क जातात का?

जातात, दुर्दैवाने. मोजता येतं त्याला फ्यूअर, येत नाही त्याला लेस, असा नियम सांगतात. तो आहे रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी १७७० मध्ये व्यक्त केलेली आवड. त्याआधी शेकडो वर्षं इंग्रज लेस दोन्हीकडे वापरत होते आणि आजही बोलताना वापरतात. शॅल-विलचा ‘आय असेल तर शॅल’ हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या लॅटिनमध्ये लिहिलेल्या व्याकरणातला. आज त्याच्यासाठी कुणी झोप घालवत नाही, करारनामे सोडले तर. परीक्षेपुरते दोन्ही पाठ करा आणि बाहेर पडताना तिथेच ठेवून या. सिन्स-फॉरवर घालवलेली एक संध्याकाळ याहून कितीतरी कामाची.

‘आय पास्ड आउट इन २०२१’ चालतं?

इथे चालतं. परदेशी एचआरला मात्र वाटेल की २०२१ मध्ये तुम्ही बेशुद्ध पडलात. ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२१’ म्हणा. त्याच चालीवर ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे तिकडे ‘मला तुमच्या बोलण्याची खात्री वाटत नाही’. शिकवणाऱ्याला विचारायचं असेल तर क्वेश्चन म्हणा. प्रीपोन हा आपलाच शब्द आहे, सोयीचा आहे, आणि मला तो आवडतो. पण इंग्लंडमधल्या क्लायंटला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा.

मटण म्हणजे मटन ना?

आपलं मटण बोकडाचं. ब्रिटनमध्ये मटन म्हणजे मोठ्या मेंढीचं मांस, कोवळ्या मेंढीचं ते लॅम्ब. बोकडाचं मागायचं तर गोट मीट म्हणावं लागतं. शब्द मुळात फ्रेंच. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्ते आले, गोठ्यातली मेंढी इंग्रजीत शीपच राहिली आणि ताटातली मटन झाली. आखातात किंवा जहाजावर हॉटेल लाइनला जाणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. मेन्यूकार्डावरचं मटन कुणाचं, असं गिऱ्हाईक विचारतं.

कोणता कोश घ्यावा?

इंग्रजी-मराठी कोश जवळ असू द्या, पण या कामासाठी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी-इंग्रजी कोश लागतो, लर्नर्स डिक्शनरी म्हणतात तो. त्यात प्रत्येक नामापुढे सी किंवा यू अक्षर असतं, म्हणजे मोजता येतं की नाही, आणि शब्दाच्या मागे कोणतं प्रिपोझिशन येतं ते उदाहरणातून कळतं. जुनी आवृत्तीही पुरते. मोबाइलवर फुकट मिळतो, तोही चालेल.